पत्ता स्वतःचा हवा



संयोजकांनी विषय दिला आहे ‘लिंक्डइनचा उपयोग’. लिंक्डइन म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. सभागृहातल्या निवृत्त मंडळींचीही खाती नातवंडांनी केव्हाच उघडून दिली असतील. (हशा) २००३च्या मे महिन्यात ते सुरू झालं आणि २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते २६.२ अब्ज डॉलरना घेतलं. एवढा पैसा कशाचा? तुमच्या-आमच्या ओळखींचा.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३मध्येच दाखवलं, की नोकरीची खबर बहुधा जेमतेम ओळखीच्या माणसाकडून येते. जिवलग मित्राला जे ठाऊक, ते आपल्याला आधीच ठाऊक असतं ना! अशा लांबच्या ओळखी टिकवायला लिंक्डइन उत्तमच. मागच्या रांगेत माना हलताहेत, म्हणून सांगतो, मी त्याचा वैरी नाही. माझंही खातं आहे.

पण ऑर्कुट आठवतं? (हशा) हसलात, म्हणजे वय कळलं! २००४मध्ये गूगलमधल्या ऑर्कुट नावाच्या तुर्की अभियंत्यानं आपलंच नाव देऊन ते मैत्रीचं संकेतस्थळ काढलं आणि ब्राझील नि भारत त्यावर तुटून पडले. काय तो थाट! दुसऱ्याच्या स्क्रॅपबुकात, म्हणजे निरोपांच्या वहीत, डोकवायचं. मित्राला गळ घालून आपल्यावर टेस्टिमोनियल लिहून घ्यायचं, त्यानं जरा खरं लिहिलं की मंजूरच करायचं नाही. अनोळखी मुलींना ‘फ्रेंडशिप करोगी?’ विचारणारे वीर आज कुठल्या कुठल्या कंपन्यांत व्हाइस प्रेसिडेंट आहेत, ती नावं मी घेत नाही. (प्रचंड हशा) ३० सप्टेंबर २०१४ला ते बंद झालं. त्याआधी २००९मध्ये याहूनं लोकांची वेबपानं ठेवणारं अमेरिकेतलं जिओसिटीज मिटवलं होतं, पुढे २०१९मध्ये गूगल प्लस हे समाजमाध्यम गेलं. सूचना मिळाल्या होत्या, मुदतही मिळाली होती. आपल्यापैकी कितीजणांनी आपलं लिखाण उतरवून घेतलं?

घंटा वाजली? अजून मुद्द्यावरच येतोय, अध्यक्ष महोदय.

म्हणून स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, घ्या. त्यावर एक साधं पान ठेवा: काय काम केलं, त्याचे नमुने, ईमेल. लिंक्डइनवरून लोकांना तिथं पाठवा. हो, काका, ऐकलं मी, डोमेनचेही दरवर्षी पैसे भरावे लागतात. बरोबर आहे. पण पान ठेवणारी कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो, आणि लिंक्डइनवरचा पत्ता उचलून दुसरीकडे नेता येत नाही. इंग्रजीचं अडत असेल, तर २०१४पासून देवनागरीत ‘.भारत’ही मिळतं.

प्रश्नोत्तरांना वेळ उरलेला नाही, क्षमस्व. एवढं मात्र आज रात्रीच करा. लिंक्डइनच्या सेटिंग्जमधून आपल्या ओळखींची यादी उतरवून घ्या. तिच्यात बहुतेकांचे ईमेल नसतात, ते ज्याचे त्याला विचारून वहीत लिहून ठेवा.