झाडाचे नाव
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चार माणसांत उभे राहायचे म्हणजे पाय लटपटतात. पण आपल्या चिटणीसबाईंनी आग्रहच धरला, "राणीबागेतल्या झाडांविषयी तुम्हीच बोला," म्हणून उभी राहिले आहे. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

भायखळ्याची राणीबाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, आपणां सर्वांना ठाऊक आहे. लहानपणी वडिलांचे बोट धरून गेलो, पुढे मुलांना घेऊन गेलो. वाघ पाहिला, पाणघोडा पाहिला, पेंग्विन आले तेव्हा रांगेतही उभ्या राहिलो. झाडाकडे पाहिले ते मात्र डबा सोडायला सावली हवी म्हणून!

माझे डोळे उघडले ते एका दुःखाने. आपल्या वाडीच्या तोंडाशी मोठे झाड होते, ते आठवते ना? त्याखाली पोरे लाल चुटूक बिया वेचीत. ते तोडण्याची नोटीस लागली, तेव्हा हरकतीचा अर्ज लिहायला आपण माझ्याच घरी बसलो होतो. माझ्या मुलीने विचारले, "आई, झाडाचे नाव काय लिहू?" आपण सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. बावीस वर्षे मी त्याच्या सावलीतून भाजी आणली, आणि नाव ठाऊक नाही! विचारपूस करण्यात दिवस गेले, मुदत टळली आणि झाडही गेले.

मुलीने त्या बिया कुंकवाच्या जुन्या डबीत जपून ठेवल्या होत्या. ती डबी घेऊन मी राणीबागेत गेले. तेथे चार जणांना झाडे दाखवीत एक बाई चालल्या होत्या. भीत भीत डबी पुढे केली. पाहताक्षणी त्या म्हणाल्या, "ही रतनगुंज." भगिनींनो, खरे सांगते, मला तेथेच रडू आले. मग त्यांनी मलाही बरोबर घेतले.

ही बाग १८६२ साली लोकांसाठी उघडली. मुळात ती झाडांचीच बाग. प्राणी मागाहून आले. सुमारे ५० एकरांत ३,००० च्या आसपास झाडे आहेत आणि त्यांच्या जाती २८० हून अधिक. आफ्रिकेतली गोरखचिंच पाहा. बुंधा रांजणासारखा, त्यात पाणी साठवून ती दुष्काळ काढते. फुले उमलतात रात्री. ब्रह्मदेशाची उर्वशी आहे, तिचे लाल घोस कानातल्या झुबक्यांसारखे लोंबतात. कैलासपतीच्या फुलात नागाच्या फण्याखाली पिंड दिसते, म्हणून मी तो आपलाच समजत होते. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा निघाला. आणि आपण ज्याची पाने 'अशोक' म्हणून तोरणाला बांधतो, तो आसोपालव! खरा सीताअशोक वेगळा, त्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगते. २००७ साली महापालिकेने प्राणिसंग्रहालय नव्याने उभारण्याची मोठी योजना आखली. तेव्हा येथल्या झाडांचे काय होणार, या काळजीने मुंबईतल्या काही स्त्रिया पुढे आल्या. त्यांनी 'सेव्ह राणीबाग' चळवळ उभी केली, झाडांची माहिती जमविली, पत्रे लिहिली, लोकांना बागेत नेऊन झाडे ओळखायला शिकविले. मूळ योजना पुढे बदलावी लागली. त्यांचा आवाज ऐकला गेला, कारण कोणते झाड आहे आणि ते का राखायचे, हे त्यांना सांगता येत होते. आपल्याला ते सांगता आले नाही.

झाड तोडण्याआधी परवानगी आणि नोटीस लागते, असा कायदा आपल्या राज्यात १९७५ पासून आहे. पण हरकत घ्यायची तर आधी ओळख हवी. सुनेचे नाव आपण पहिल्या दिवशी पाठ करतो. मग दारातल्या झाडाचे का नको?

म्हणून माझी दोन मागणी आहेत. यंदाची सहल राणीबागेला न्यावी. बुधवारी बाग बंद असते, तेवढा वार टाळावा. आणि आपल्या वाडीतल्या प्रत्येक झाडाचे नाव मंडळाच्या वहीत लिहून ठेवावे. माझी मुलगी लिहायला तयार आहे.

डबीतल्या बियांचे कवच फार टणक. गरम पाण्यात रात्रभर भिजवून मी पाच बिया लावल्या, दोन उगवल्या. त्यातले एक रोप आज मंडळाला देते. ते लावाल तेव्हा शेजारी पाटी मात्र लावा, 'रतनगुंज'.