विक्री झाली, पण पैसा हातात आला का?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)



आपल्या मसाला गटांनी दुसऱ्या यंत्रासाठी कर्जाचे अर्ज दिलेत. त्यावर ठराव करण्याआधी दोन कंपन्यांची गोष्ट सांगते.

पहिली ॲमेझॉन. आता गावातही तिची पार्सलं येतात. १९९४ मध्ये अमेरिकेत जेफ बेझोस यांनी घराच्या गॅरेजमध्ये, म्हणजे गाडी ठेवायच्या जागेत, ती सुरू केली. १९९५ पासून इंटरनेटवर पुस्तकं विकायला लागले. आईवडिलांनी आपली बचत त्यात घातली होती. विक्री दरवर्षी वाढली, पण तोटाही होत राहिला. २००१ च्या शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदा नफा दिसला. तो किती? शंभर रुपयांच्या विक्रीमागे अर्धा रुपयासुद्धा नाही!

मग इतकी वर्षं कंपनी तगली कशी? गिऱ्हाईक पैसे आधी द्यायचं आणि पुस्तकवाल्या प्रकाशकांना ते काही आठवड्यांनी मिळायचे. मधल्या काळात तो पैसा कंपनीच्या हातात खेळायचा. शिवाय फेब्रुवारी २००० मध्ये तिने मोठं कर्ज उभं केलं होतं. पुढच्याच महिन्यापासून इंटरनेट कंपन्यांचे शेअर कोसळायला लागले. हातात रोकड होती म्हणून ती वाचली. तरीही २००१ मध्ये तेराशे माणसं कमी करावी लागली.

दुसरी कंपनी वेबव्हॅन. १९९९ मध्ये तिने सॅन फ्रान्सिस्को भागात घरपोच किराणा सुरू केला. पहिलं गोदामच पुरतं चालत नव्हतं, तेवढ्यात २६ शहरांत गोदामं बांधायचा करार करून बसली. जुलै २००१ मध्ये कंपनी बंद पडली आणि जवळपास दोन हजार लोकांचं काम गेलं.

आता आपलं बघा. मिरची आपण रोखीनं घेतो आणि मसाला दुकानदाराला उधारीवर देतो. म्हणजे ॲमेझॉनच्या गोष्टीत आपण त्या थांबलेल्या प्रकाशकांच्या जागी आहोत. वहीत विक्री दिसते, पण हप्ता भरायच्या दिवशी पेटी रिकामी. वर्षानुवर्षं तोटा सोसायला आपल्यामागे कुणी मोठा गुंतवणूकदार नाही. हप्ता थकला तर पत जाते ती सगळ्या गटाची.

मी यंत्र घेऊ नका म्हणत नाही. फक्त अर्जासोबत तीन गोष्टी लिहून आणा. आहे ते यंत्र महिन्यातले किती दिवस चालतं? दुकानदारांकडे किती येणं आहे, आणि किती दिवसांपासून? उधारी वसूल झाली नाही, तर किती हप्ते पेटीतून भरता येतील?

उत्तरं समाधानकारक असली, तर ठरावासाठी पहिला हात माझाच वर असेल. नसली, तर आधी वसुलीला जाऊ. मीही तुमच्यासोबत येते.