जड फिरतोय की अडतोय?

(मंडळाच्या छंदांवरच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)

माझ्या आधी बोन्सायवर इतकं सुंदर बोलून झालंय आणि मी तुम्हाला एका लोखंडी धुडाबद्दल सांगणार आहे. सांभाळून घ्या.

मी आयटी कन्सल्टंट, डिग्री कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची. हाताला तेल लागायचा कधी संबंध आला नाही. बाबांची मात्र तीस वर्षं भोसरीच्या एका टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरवर गेली. फिरत्या चाकाखालून पोलादाचा तुकडा मागेपुढे सरकवून काही मायक्रॉनपर्यंत सपाट करणारं हे मशीन. (आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा.) दोन वर्षांपूर्वी बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे लेस्टरला येणार होते. मागच्या खेपेला तिसऱ्याच आठवड्यात ते परतीची तारीख विचारायला लागले होते. म्हणून मी बंद होणाऱ्या एका वर्कशॉपमधून जुना जोन्स अँड शिपमन ग्राइंडर घेतला. कंपनी इथलीच, 1899 साली लेस्टरमध्ये सुरू झालेली.

घरात सिंगल फेज, मोटर थ्री फेज, म्हणून मध्ये इन्व्हर्टर बसवला. बटण दाबलं की स्पिंडल कसाबसा अर्धा फेरा घ्यायचा आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडायचा. आता आपण पडलो सॉफ्टवेअरवाले! मी सेटिंग बदलली. वेग हळूहळू वाढेल असं केलं, मग करंटची मर्यादा वाढवली. म्हणजे खरं तर ओरडणाऱ्याचं तोंड दाबलं. तरी भागेना, तेव्हा बेअरिंग उपसायला पुलर मागवला.

पुलरच्या आधी बाबा आले.

"पट्टा काढून बघितलास?"

नव्हता बघितला. त्यांनी मेन स्विच बंद करायला लावला, पट्टा उतरवला. मोटर हाताने भिंगरीसारखी फिरली, स्पिंडल जड.

"अरे, पण जड फिरतोय की अडतोय?"

मला फरकच कळेना. त्यांनी माझा हात पुलीवर ठेवला आणि डोळे मिटायला सांगितले. पूर्ण फेऱ्यात सगळीकडे सारखाच विरोध. खरखर नाही, एखाद्याच जागी घट्टही नाही.

"अडला असता तर बेअरिंग गेलं म्हणायचं. हा नुसता जड आहे. तेल बघ."

तेल निघालं ते मधासारखं. आधी कुणीतरी गिअरचं तेल ओतलं असावं. आमच्या स्पिंडलला पुढे बॉल बेअरिंग नाही, साधं बुश आहे. स्पिंडल आणि बुश यांच्यातली फट मिलिमीटरच्या एक-दोन शतांशाची. फिरताना स्पिंडल तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो, धातूला धातू लागत नाही. इतक्या बारीक फटीत अगदी पातळ स्पिंडल ऑइलच हवं, व्हीजी 10 किंवा त्याच्या आसपासचं. मशीनच्या पुस्तिकेत ग्रेड असतो. जाड तेल घुसळून तापतं, स्पिंडल फुगतो, फट संपते. वाढवलेल्या करंटवर मी तो रेटून चालवला असता, तर इतकी वर्षं टिकलेलं बुश त्या दिवशीच गेलं असतं.

मग तीन दिवस एकच काम. पातळ तेल भरायचं, हाताने फिरवायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी काळपट तेल काढून टाकायचं. मोटरला हात लावायची बंदी! मी दर तासाला "आता लावू का?" विचारत होतो. तिसऱ्या दिवशी बोटाच्या झटक्याने स्पिंडल चार-पाच फेरे फिरला.

चाक बसवण्याआधी बाबांनी ते बोटावर लटकवून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवलं. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तडा. 180 मिलिमीटरचं चाक मिनिटाला 2800 फेरे फिरलं, की त्याची कड ताशी सुमारे 95 किलोमीटरने पळते. सुरू करताना बाबांनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं. अर्ध्या तासाने त्यांनी स्पिंडलच्या घरावर तळवा ठेवला. "कोमट," म्हणाले आणि चहा मागितला.

त्या खेपेला तिकिटाची तारीख कुणी विचारली नाही.

जाताना त्यांनी तेलाच्या झाकणाजवळ पट्टी चिकटवली, 'पातळ तेल. दुसरे काही घालू नये.' मशीन पुढे कुणा गोऱ्याकडे गेलं तर त्याला काय कळणार, म्हणून माझ्या मुलीने खाली इंग्रजीत लिहिलंय.