हजेरीत कोणतं नाव पुकारायचं?

राज्यभरातून आलेल्या प्रौढ शिक्षणाच्या कार्यकर्त्यांनो,

स्वागत समितीच्या वतीनं साताऱ्यात आपलं मनापासून स्वागत. कंदी पेढ्यांचं नाव घेतल्याशिवाय इथल्या स्वागताध्यक्षाला कुणी खाली बसू देत नाही, म्हणून ते आधीच घेऊन टाकतो.

सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव याच जिल्ह्यातलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये इथंच वसतिगृह काढून सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. 1959 ची ग्रामशिक्षण मोहीमही सुरू झाली ती इथूनच. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. या मोहिमेचा मला अभिमान आहे, तरीही एक शंका मनातून जात नाही. ‘बायकी’ म्हणून घरानंच ज्याला हाकललं, तो गावातल्या साक्षरांच्या मोजणीत कुठे होता? तो गावातच उरला नव्हता. देशाच्या जनगणनेतही स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ हा रकाना आला तो 2011 मध्ये. त्यात सुमारे 4 लाख 88 हजार माणसं नोंदली गेली आणि त्यांचं साक्षरतेचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा बरंच कमी निघालं.

आमचा वर्ग सगळ्यांना खुला आहे, असं आपण म्हणतो. पण बायकांचा वर्ग दुपारी, पुरुषांचा रात्री. पारलिंगी स्त्रीनं कुठे बसायचं? दुपारी ती बाजारात मागायला गेलेली असते. रात्री आली, तर हजेरीत आधार कार्डावरचं पुरुषी नाव पुकारलं जातं आणि वर्ग हसतो. दुसऱ्या दिवशी ती येत नाही. आपण ‘गळती’ असा शेरा मारून मोकळे.

समलिंगी स्त्री-पुरुष तर आजही आपल्या वर्गात आहेत, आपल्याला ठाऊक नसतं इतकंच. ‘लग्न का नाही केलंत, ताई?’ हे पहिल्याच दिवशी आपण आपुलकीनं विचारतो. हाच प्रश्न घरी चुकवता चुकवता ती बाई थकलेली असते. कुणी स्वतःबद्दल उघड सांगावं, असा आग्रह नकोच. विश्वासानं सांगितलंच, तर ते वर्गाबाहेर जाता कामा नये. तिच्या घरी तर नाहीच नाही.

काही ठिकाणी पावलं पडली आहेत. केरळच्या साक्षरता मिशननं ‘समन्वय’ योजनेतून पारलिंगी व्यक्तींसाठी समकक्ष परीक्षांची सोय केली. इग्नू या मुक्त विद्यापीठानं 2017 मध्ये त्यांची फी माफ केली. चांगलंच झालं, पण फी माफ झाली म्हणजे आपलं काम संपलं, असं मानणारे आपल्यातही आहेत. 2019 च्या कायद्यानं पारलिंगी व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचं प्रमाणपत्र मिळतं. त्याचा अर्ज भरणं हाच आपल्या वर्गातला लेखनाचा पाठ का असू नये? बँकेची स्लिप शिकवतो, तसा हा अर्ज शिकवू.

आता व्यवस्थेचं. नावाच्या पट्ट्या कोऱ्या ठेवल्या आहेत. ज्याला ज्या नावानं हाक हवी, ते त्यानं स्वतः लिहावं. डावीकडचं स्वच्छतागृह सगळ्यांसाठी आहे. जेवण एक वाजता. अध्यक्षांना विनंती करतो, त्यांनी सत्र सुरू करावं.