मांडणीचे मोल : दुकानाची दर्शनी सजावट आणि चित्रीकरणाचे साहित्य



दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात अकोल्याच्या जठारपेठेतून संध्याकाळी जाणाऱ्या माणसाचे पाऊल प्रत्येक दुकानापुढे थांबत नाही. एखाद्या दुकानात साड्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले असतात. माल उत्तम आणि भाव वाजवी असूनही नजर कोठेच ठरत नाही. शेजारच्या दुकानात काचेमागे एकच साडी नीट चुण्या घालून नेसवलेली असते, तिच्या पायाशी पितळी समई आणि बुरडाच्या टोपलीत झेंडू असतो. गिऱ्हाईक तेथे थांबते आणि मग आत शिरते. दोन्हीकडचा माल कदाचित एकाच व्यापाऱ्याकडून आलेला असेल.

ही मांडणी ज्या हातांनी केलेली असते, त्यांना तिचा मोबदला काय मिळतो, हा आजच्या विवेचनाचा खरा विषय आहे. बहुधा ते हात दुकानातील एखाद्या होतकरू नोकराचे किंवा मालकाच्या नात्यातील चित्रकलेची आवड असलेल्या मुलीचे असतात. साडीचे, समईचे आणि फुलांचे पैसे हिशेबाच्या वहीत लिहिले जातात. मांडणीबद्दल मात्र चहा आणि शाबासकी यांवर भागवले जाते. मोठ्या शहरांत याच कामाला व्हिज्युअल मर्चंडायझिंग म्हणतात. जाहिरातीच्या छायाचित्रासाठी अथवा चित्रपटासाठी वस्तू निवडून मांडण्याच्या कामाला प्रॉप स्टायलिंग हे नाव आहे. दोन्ही कामांवर तेथे पूर्णवेळ चरितार्थ चालतो. वऱ्हाडात तो चालावा यासाठी काय करता येईल, याचा विचार शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी आणि पंचायतीच्या सदस्यांनी करणे अगत्याचे आहे.

हा व्यवसाय फार जुना नाही. अमेरिकेत शिकागो येथे एल. फ्रँक बॉम या गृहस्थाने १८९७ मध्ये केवळ दुकानांच्या दर्शनी सजावटीला वाहिलेले एक मासिक सुरू केले आणि पुढे या विषयावर १९०० मध्ये एक ग्रंथही प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्याने ओझच्या जादूगाराची जगप्रसिद्ध बालकथा लिहून प्रकाशित केली, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. लंडनमध्ये गॉर्डन सेल्फ्रिज यांनी १९०९ मध्ये आपले भव्य दुकान उघडले, तेव्हा दुकान बंद झाल्यावरही काचेमागील दिवे रात्री तेवत ठेवण्याची प्रथा त्यांनी पाडली. दुकान मिटले तरी मांडणीने आपले काम करीत राहावे, ही कल्पना त्यामागे होती.

आपल्याकडे ही परंपरा रंगभूमीच्या आणि चित्रपटाच्या वाटेने आली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. वडील कृष्णराव मिस्त्री यांच्या हाताखाली त्यांनी निरनिराळ्या कारागिरीचे धडे घेतले, नाटक कंपन्यांचे पडदे रंगविले आणि चित्रपटाचा कॅमेराही खटपटीने सिद्ध केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा त्यांचा पहिला चित्रपट १९२० मध्ये आला. रंगविलेल्या सपाट पडद्याऐवजी खरोखरीची खोली असलेला देखावा उभारावा, पात्रांची वेषभूषा आणि त्यांच्या भोवतीची प्रत्येक वस्तू आधी कागदावर रेखाटून ठरवावी, हा शिरस्ता त्यांनी घातला. आजच्या प्रॉप स्टायलिस्टचे काम याहून मूलतः वेगळे नाही. सुताराच्या घरातील हाताने हे साधले, ही गोष्ट वऱ्हाडातील कारागिरांच्या मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

वऱ्हाडापुरते पाहावयाचे तर या कलेची शाळा घराघरांत भरते. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, तेव्हा सांगाड्यावर साडी नेसवून, पदराची चुणी बसवून, मुखवटा योग्य उंचीवर आणि योग्य कलाने ठेवणे हे ज्या गृहिणीला साधते, तिला दुकानातील पुतळ्याला वस्त्र नेसविणे अवघड जाणार नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या अंगावर झूल, शिंगांना बेगड आणि गळ्यात घुंगुरमाळा चढविताना कोठे भरगच्च करावे आणि कोठे मोकळे सोडावे, याचा निर्णय शेतकरी न शिकताच घेत असतो. श्रावणात राजराजेश्वराच्या कावडयात्रेसाठी अकोल्यातील तरुण मंडळे पालख्या आणि देखावे सिद्ध करतात. त्यांत वजन, तोल, उजेड आणि लांबून दिसणारा आकार यांचा जो विचार होतो, तो कोणत्याही प्रदर्शनाच्या उभारणीत करावाच लागतो. तो सारा सेवाभावाने केला जातो आणि तसाच राहावा. परंतु तेच कौशल्य बाजारात वापरले जाते तेव्हाही सेवाच समजली जावी, याला काही अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळावयाचे. दुकानाच्या काचेमागे एका वेळी एकच मुख्य वस्तू असावी आणि ती उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे सुमारे पाच फुटांवर यावी. बाकीच्या वस्तूंनी तिच्याकडे नजर न्यावी. उंच, मध्यम आणि बुटकी अशी त्रिकोणी रचना बहुधा साधते, आणि वस्तू सम संख्येपेक्षा विषम संख्येत बऱ्या दिसतात. दिवा समोरून सरळ टाकल्यास काचेवर चकाकी येते; तो वरून तिरका टाकावा. उन्हाळ्यात पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानात काचेमागचे कापड काही आठवड्यांत विटते. वऱ्हाडातील ऊन लक्षात घेता तेथे अस्सल माल फार काळ ठेवू नये. मांडणी पंधरवड्याने, फार तर महिन्याने बदलावी, कारण तोच तो देखावा रोज जाणाऱ्या गिऱ्हाइकाला दिसेनासा होतो. बदलापूर्वीचा आणि नंतरचा फोटो आणि त्या वस्तूची त्या काळातील विक्री यांची नोंद वहीत ठेवावी. पुढे दुकानदाराशी मोबदल्याची बोलणी करताना हीच वही बोलते.

चित्रीकरणाच्या साहित्याचे काम याहून बारीक असते. डोळ्याला जे चांगले दिसते ते कॅमेऱ्याला दिसेलच असे नाही. घासून लखलखीत केलेले तांब्याचे भांडे दिव्याचा झोत परत फेकते, म्हणून त्याची चकाकी थोडी मारावी लागते. भाजीवरचे दवबिंदू टिकावेत म्हणून पाण्यात ग्लिसरीन मिसळतात. पिठले-भाकरीचा फोटो घ्यावयाचा तर ताट लहान घ्यावे लागते, नाही तर भाकरी दरिद्री दिसते. चित्रपटाच्या कामात फुटणारी वस्तू असेल तर तिच्या दोन-तीन प्रती हाताशी ठेवाव्या लागतात, आणि कोणत्या प्रसंगात कोणती वस्तू कोठे होती याची टिपणी चुकली तर संपूर्ण दिवसाचे काम वाया जाते. आवडीइतकीच शिस्त या धंद्यात लागते, हे होतकरू मुलांना आरंभीच सांगणे बरे.

वऱ्हाडातील तरुणाजवळ एक भांडवल मात्र आयते आहे. जाते, पाटा-वरवंटा, खलबत्ता, कंदील, बैलगाडीचे चाक, जुन्या वाड्याचे लाकडी दार या वस्तू मुंबईत भाड्याने आणाव्या लागतात. येथे त्या अडगळीत पडून असतात. त्या गोळा करून, डागडुजी करून, प्रत्येकीला क्रमांक देऊन आणि फोटो काढून ठेवल्यास भाड्याने देण्याचा छोटा व्यवसाय उभा राहू शकतो. वस्तू देताना अनामत रक्कम घ्यावी आणि मोडतोडीची अट लेखी असावी. नव्या वस्तूही जवळच आहेत. मेळघाटात लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राने कोरकू कारागिरांच्या हातून बांबूच्या राख्यांपासून घरगुती वस्तूंपर्यंत अनेक प्रकार घडवून घेतले आहेत. तांड्यांवरील बंजारा स्त्रियांचे आरसे-कवड्यांचे भरतकाम काचेमागे लावले की वेगळ्या सजावटीची गरज उरत नाही. अशा कामामुळे सजावटकाराबरोबर बुरूड, सुतार, कुंभार यांनाही मागणी येते.

शिक्षणाचा मार्ग शाळेपासूनच सुरू होतो. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांत वस्तूंची मांडणी पाहून चित्र काढावयाचे असते. घमेले, बाटली, कांदा आणि खाली सोडलेले फडके यांची ती मांडणी चित्रकलेचे शिक्षक स्वतः करतात. त्यांनी कधी कधी ती विद्यार्थ्यांना करावयास सांगितली तर या व्यवसायाचा पहिला पाठ विनाखर्च मिळेल. दुर्दैवाने चित्रकलेचा तास पुष्कळ ठिकाणी गणिताच्या जादा तासाला दिला जातो; मुख्याध्यापकांनी त्याचा फेरविचार करावा. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन उपयोजित कलेच्या चार वर्षांच्या पदवीकडे वळता येते. नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय वऱ्हाडातील विद्यार्थ्यांना त्यातल्या त्यात जवळचे आहे. मुंबईच्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेत फॅशन कम्युनिकेशनच्या अभ्यासक्रमात दुकानाच्या दर्शनी मांडणीचा समावेश असतो. तेथील शुल्क मात्र सामान्य कुटुंबाला जड जाते. ज्यांना इतके शिकणे शक्य नाही, त्यांनी एखाद्या छायाचित्रकाराजवळ किंवा मंडप-सजावटीच्या ठेकेदाराजवळ दोन वर्षे उमेदवारी केली तरी हात तयार होतो.

भांडवलासाठी जिल्हा उद्योग केंद्रामार्फत राबविल्या जाणाऱ्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा लाभ घेता येईल. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत प्रवर्ग आणि ठिकाण यांनुसार प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते. सुतार, कुंभार, बुरूड अशा कारागिरांसाठी २०२३ ची पंतप्रधान विश्वकर्मा योजना आहे. तीत हत्यारांसाठी १५,००० रुपये, तसेच पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख आणि नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. गावातील अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. तो अर्ज तेथे अडून राहणार नाही, एवढे पाहणे सरपंचांच्या हाती आहे.

शासकीय यंत्रणा या कलेची ग्राहकही आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या परिसरात भरणारी कृषी प्रदर्शने, बचत गटांच्या मालासाठी ‘उमेद’ अभियानामार्फत भरणारी सरस प्रदर्शने, जिल्हा परिषदेची दालने यांत कितीतरी टेबले मांडली जातात. पांढरी चादर, तिच्यावर लोणच्याच्या बरण्यांची रांग आणि मागे फ्लेक्स हाच साचा सर्वत्र आढळतो. फ्लेक्सचे आणि मंडपाचे पैसे दिले जातात, मांडणी मात्र त्या गटातील महिलांवर सोपविली जाते आणि त्या दोन दिवसांच्या प्रवासाने थकलेल्या असतात. येत्या हंगामात एखाद्या गटविकास अधिकाऱ्याने दरपत्रके मागविताना मंडप, वीज व फलक यांच्या जोडीला ‘मांडणी’ असा चौथा रकाना घातला आणि तो तालुक्यातील एखाद्या शिकलेल्या मुलीकडून भरून घेतला, तर तिचे ते पहिले बिल ठरेल.