शाळा एक, पगार अनेक



"मास्तरांना काय, बक्कळ पगार आणि वर सुट्ट्या," असे गाडीत ऐकू येते. "आमच्या सूनबाई शाळेत आहेत, पण हातात काही पडत नाही," असेही ऐकू येते. दोन्ही बोलणी खरी आहेत. बऱ्याचदा ती एकाच शाळेतल्या, एकाच शिक्षक खोलीतल्या माणसांबद्दलची असतात.

मुंबईच्या आपल्या उपनगरातली एखादी जुनी शिक्षणसंस्था डोळ्यांपुढे आणा. आठवी 'अ' अनुदानित, 'ब' अंशतः अनुदानित, 'क'ला मान्यता आहे पण अनुदान नाही. पुस्तक तेच, पेपर तोच, तपासायच्या वह्याही तेवढ्याच. 'अ'च्या बाईंचा पगार सरकारच्या 'शालार्थ' वेतन प्रणालीतून थेट खात्यात येतो. 'ब'च्या सरांची तुकडी अनुदानाच्या ज्या टप्प्यावर असेल, समजा वीस, चाळीस किंवा साठ टक्के, तेवढाच पगार सरकार देते. 'क'च्या बाईंना संस्था देईल ते. शिवाय तासिकेवरचे एक सर असतात. तास झाला तर पैसे, मे महिन्यात शून्य. म्हणजे इथे पगार माणसाच्या पात्रतेवर ठरत नाही, कामावर ठरत नाही. तो तुकडीवर ठरतो.

हे आपोआप झालेले नाही. 2001 साली सरकारने नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' या अटीवर परवानगी द्यायला सुरुवात केली. 2009 मध्ये त्यातला 'कायम' शब्द काढला. पहिले वीस टक्के अनुदान मिळायला 2016 उजाडले. दरम्यान ज्या तरुणांनी पंचविशीत रुजू होऊन फुकट शिकवले, ते चाळिशीत आले. 2025 च्या जुलैमध्येही हीच मंडळी भर पावसात आझाद मैदानात पुढच्या टप्प्यासाठी बसली होती. त्यांना आंदोलनखोर म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता अनुदानित जागेकडे वळू. तिथेही पहिली तीन वर्षे 'शिक्षणसेवक' म्हणून काढावी लागतात. ही योजना 2000 सालची. मानधन कित्येक वर्षे प्राथमिकला 6,000 रुपये होते. न्यायालयाने कान उपटल्यावर 2023 पासून ते प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 झाले. शेजारच्या वर्गातल्या कायम प्राथमिक शिक्षकाचे सातव्या वेतन आयोगातले मूळ वेतन 29,200 पासून सुरू होते. 1 जानेवारी 2025 पासूनच्या 55 टक्के दराने त्यावरचा महागाई भत्ता 16,060 रुपये होतो. शिक्षणसेवकाचे अख्खे मानधन कायम शिक्षकाच्या नुसत्या महागाई भत्त्याइतकेही नाही. सोळा हजारांत मुलुंडला किंवा बोरिवलीला भाड्याची खोलीसुद्धा परवडत नाही. म्हणून सकाळच्या अधिवेशनाचे शिक्षक बदलापूर-विरारहून अंधारात गाडी पकडतात आणि संध्याकाळी क्लास घेऊन रात्री घरी पोहोचतात. दुसऱ्या दिवसाच्या पाठाची तयारी त्यांनी कधी करायची?

बरे, ही जागा तरी मिळते का? 2012 मध्ये भरती थांबली. 2017 ला शिक्षक भरतीसाठी 'पवित्र' पोर्टल आले, अभियोग्यता चाचणी झाली. पुढची चाचणी थेट 2023 साली. तोवर अनेकांचे वय उलटत गेले. इकडे मराठी शाळांचा पट घसरतो, पटावरून शिक्षकसंख्या ठरवणाऱ्या संच मान्यतेत शिक्षक अतिरिक्त ठरतात, आणि निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्याच राहतात. पट घसरण्यात आपलाही हात आहे. आपण मुलांना इंग्रजी माध्यमात घातले, तेव्हा कुणाची तरी तुकडी तुटली.

शिक्षकाच्या पगाराचा हा प्रश्न जुनाच आहे. जोतीराव फुल्यांनी 1882 साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षकाचा पगार महिना 12 रुपयांपेक्षा कमी नसावा आणि मोठ्या गावांत 15 ते 20 असावा, अशी मागणी होती. शिक्षणाचा विचार करताना त्यांनी शिक्षकाच्या पोटाचा हिशेब बाजूला टाकला नव्हता, हे मला फार मोठे वाटते.

आता खासगी इंग्रजी शाळा. अंधेरी, घाटकोपर, बोरिवलीत काही ठिकाणी चांगला पगार मिळतो, हे मान्य. पण अनेक शिक्षिकांनी मला सांगितलेला प्रकार असा: खात्यात पूर्ण पगार जमा होतो आणि दोन दिवसांत ठरलेली रक्कम रोखीने कार्यालयात परत द्यावी लागते. नेमणुकीचे पत्र जून ते एप्रिल. जूनमध्ये पुन्हा नवे पत्र, म्हणजे सलग सेवा कधी होऊच नये. मूळ प्रमाणपत्रे संस्थेच्या कपाटात. तक्रार केली तर दुसरीकडे नोकरी मिळणार नाही या भीतीने सगळ्या गप्प.

इथे बसलेल्या पालकांच्या हातात एक गोष्ट आहे. राज्याचा 2011 चा शुल्क विनियमन कायदा सांगतो की फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते. फी ठरताना शिक्षकांच्या वेतनाचा खर्चही विचारात घ्यायचा असतो. समितीत आपण बसची वेळ आणि गणवेशाचा रंग यांवर तासभर बोलतो. पुढच्या बैठकीत फीवाढीचा कागद समोर येईल, तेव्हा सही करण्याआधी विचारा: यातले किती पैसे शिक्षकांच्या पगाराला जातात, त्यांना बारा महिन्यांचा पगार मिळतो का, आणि खात्यात आलेला पैसा खात्यातच राहतो का? उत्तर लेखी मागा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.