काचेच्या टाकीतील न दिसणारे कामगार



मी युनियनचा माणूस. गोदाघाटावरील या व्यासपीठावरून मी मजुरीच्या दरांवर बोलेन, अशी आपली अपेक्षा असेल. आज मात्र मी माशांविषयी बोलणार आहे. शाळा लवकर सुटलेल्या मला घरातल्या एका टाकीने जे शिकविले, तेवढेच सांगतो.

गप्पी मासा आपणां सर्वांना ठाऊक आहे. डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवताप खात्याचे लोक तो हौदात सोडतात. त्याच्या नावाचा गप्पांशी संबंध नाही. त्रिनिदादहून हे मासे लंडनला पाठविणाऱ्या गप्पी नावाच्या गृहस्थांवरून ते पडले. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला हा गरीब जीव १९०८ साली आपल्याकडे आला. त्याच खंडातला दुसरा पाहुणा म्हणजे निऑन टेट्रा. ॲमेझॉनच्या उपनद्यांतला, जेमतेम दीड इंचाचा, अंगावर निळा-तांबडा पट्टा असलेला.

धाकट्या मुलीच्या हट्टापायी मी असे सहा टेट्रा आणले. त्याच दिवशी टाकी धुतली, नळाचे पाणी भरले, मासे सोडले. आठवड्याभरात सहाही गेले. मुलीने विचारले, "बाबा, पाणी तर स्वच्छ होतं ना?" मजपाशी उत्तर नव्हते.

ते पुढे वाचून कळले. मासे पाण्यात अमोनिया सोडतात; तो विषारी. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात; तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य. हे कामगार वाळूत आणि गाळणीच्या स्पंजात राहतात. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

दुसऱ्या खेपेस मी थांबलो. पण दर रविवारी स्पंज नळाखाली खळखळून धुवीत असे. नळाच्या क्लोरीनने जीवाणू मरतात. जन्मभर कामगारकपातीविरुद्ध लढलेला मी दर आठवड्याला साऱ्यांना एका दमात कामावरून कमी करीत होतो! तेही मासे गेले.

तिसऱ्या खेपेस महिनाभराहून अधिक काळ मासे न सोडता रोज चिमूटभर अन्न टाकून ते कुजू दिले. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळला. आठवड्याला पाव पाणी बदलले, तेही दिवसभर बादलीत उघडे ठेवलेले. आणि टेट्रा जोडीने नव्हे, आठ आणले. हा थव्याचा जीव. एकटा पडला की भेदरतो. एकजुटीचे महत्त्व त्यांना मी शिकवायला नको. त्यांतले सात दोन वर्षे नांदत आहेत.

स्वच्छ दिसणारे पाणी निराळे आणि जगविणारे पाणी निराळे, हे मला तेव्हा उमगले. कारखान्यातही चकचकीत फरशी पाहून आत कोण राबते ते कळत नाही.

एक विनंती. मासे नकोसे झाले तर पुण्य म्हणून गोदामाईत सोडू नका. टाकीतले शेवाळ खातो म्हणून आणलेला दक्षिण अमेरिकेचाच सकर मासा उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. त्याला गिऱ्हाईक नाही, आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. आपली हौस दुसऱ्याच्या पोटावर येऊ नये, एवढेच.